कोठाळ्यांच्या आईची खाट

"आजी, घाबरायचं काय बी नाही. नुसती खाट बदलायचीय," असं म्हणत दगडू वॉर्डबॉय चंपूआत्याच्या तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क काढायला वाकला.

आत्याने डोळे उघडले आणि त्याचं मनगट धरलं.

"हात धुतलेस?"

दगडूने हात मागे घेतला. बाजारपेठेत खाणावळ चालवण्यात आत्याचा जन्म गेला होता. मरणाच्या दारात उभी राहिली असती तरी तिने आधी यमाचे हात पाहिले असते. आणि त्या दुपारी ती त्या दारापासून फार लांब नव्हती. न्यूमोनियाने छाती भरली होती. मास्क काढला की ओठ जांभळे पडत, लावला की पुन्हा माणसात येई. हे सकाळपासून आम्ही दोनदा पाहिलं होतं.

"खाट कशाला बदलायची?" मी विचारलं. "ह्या खाटेला काय झालंय?"

"खाटेला काही नाही झालेलं," दगडू म्हणाला. "होऊ नये म्हणून बदलायची."

त्याने मानेनेच जागा दाखवली. वॉर्डच्या टोकाला, मागच्या दाराजवळ, एक लोखंडी खाट होती. मी तिकडे पाहत होतो तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की सगळा बायकांचा वॉर्ड गप्प झालाय. समोरच्या खाटेवरची बाई भिंतीकडे तोंड करून झोपली. शेजारी सासूची सेवा करायला आलेली सून, शोभा तिचं नाव, संत्रं सोलता सोलता थांबली आणि हळूच म्हणाली, "कोपऱ्यात नेतायत का, दादा?"

"का हो? कोपऱ्यात काय आहे?"

"काही नाही. तिथं नेलेलं माणूस परत येत नाही."

"आजवर एकही नाही?"

तिने प्रामाणिकपणे विचार केला. "एक बाई आली होती परत. पण तिला चुकून नेलं होतं."

मी तेव्हा आयुर्विमा विकत असे. माणूस कधीही जाऊ शकतो, हे लोकांना पटवून देण्यावर माझं पोट चाले. तरी एवढ्या खात्रीने मलाही कुणाला सांगता आलं नसतं.

मी सिस्टर साळव्यांना गाठलं. त्या टेबलाशी बसून सलाईनच्या बाटल्यांवर नावं चिकटवत होत्या. मान वर न करता त्यांनी सगळं सांगितलं. सांगून सांगून गुळगुळीत झालेलं ते सांगणं होतं.

"हे धर्मादाय रुग्णालय आहे. प्रत्येक खाट कुणी ना कुणी दिलेली आहे, कुणाच्या तरी स्मरणार्थ. तुमच्या आत्याबाईंची सात नंबरची खाट डाळमिलवाल्या कोठाळेसाहेबांच्या मातोश्रींची. उशाशी पितळी पाटी आहे बघा."

"पाहिली. मग?"

"दात्यांची अट असते. आपल्या माणसाच्या नावाच्या खाटेवर कुणी दगावू नये. बरं दिसत नाही. म्हणून पेशंट सीरियस झाला की कोपऱ्यात. त्या खाटेला दाता मिळालेला नाही."

"आणि तिथं ऑक्सिजन?"

"नाही. भिंतीतली ऑक्सिजनची नळी दात्यांच्या देणगीतून टाकली. ज्यांच्या खाटा, त्यांच्यापर्यंत नळी."

"म्हणजे श्वास लागला की जिथं ऑक्सिजन आहे तिथून उचलायचं आणि जिथं नाही तिथं ठेवायचं."

"सिलिंडर आहे की," सिस्टर म्हणाल्या. "फक्त तो उघडायचा पाना स्टोअरकीपरकडे असतो आणि स्टोअरकीपर वर कार्यक्रमाला बसलेत. सेवा-गुणवत्ता सप्ताह चालू आहे ना. खुर्च्या भरायला म्हणून अर्धा स्टाफ वर नेलाय."

"सिस्टर, तिला हलवलं तर ती जाईल."

आता त्यांनी मान वर केली. "मला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला? गेल्या वर्षी नऊ नंबरवर एक बाई गेली. मी हलवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दात्याचे चिरंजीव टेम्पो घेऊन आले, खाट परत न्यायला. दुसरी पेशंट झोपली होती तिच्यावर. तिच्यासकट चढवत होते. मला मेमो मिळाला." त्यांनी एक नाव नीट दाबून चिकटवलं. "कार्यक्रम संपला की विश्वस्त वॉर्डात फेरी मारतात. कोठाळेसाहेब पाटीला हार घालतात. तोवर मी थांबते. त्याच्यापुढं माझ्या हातात नाही."

ते कुणाच्या हातात आहे हे शोधायला मी निघालो.

रुग्णालयाचे प्रमुख डॉक्टर हुद्दार आपल्या खोलीत भाषण पाठ करत होते. त्यांनी माझं म्हणणं शांतपणे ऐकलं. फार सज्जन माणूस. त्यांच्याशी बोलताना रोग्यालासुद्धा आपण त्यांना उगाच त्रास दिला असं वाटायचं.

"हलवण्याची काही वैद्यकीय गरज नाही," ते म्हणाले. "उलट हलवूच नये. ऑक्सिजन चालू राहिला तर बाई वाचतील असं माझं मत आहे."

"मग तसं सांगा ना वॉर्डात."

"त्यात एक अडचण आहे. औषधोपचार माझ्याकडे येतात. खाटा विश्वस्तांकडे."

"आणि पेशंट?"

त्यांनी चष्मा पुसला. "पेशंट खाटेवर असतो. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या पाहिलं तर…"

"डॉक्टर, ती मरेल म्हणून तुम्ही तिला कोपऱ्यात नेणार. कोपऱ्यात नेली म्हणून ती मरणार. आणि मेली की तुम्ही म्हणणार, बघा, नेली ते बरं झालं."

"हो," डॉक्टर समजूतदारपणे म्हणाले. "म्हणूनच ह्या बाबतीत आमचा अंदाज सहसा चुकत नाही." मग त्यांनाच वाईट वाटलं. "तुम्ही असं करा, कोठाळेसाहेबांनाच भेटा. खाट त्यांची. त्यांनी हो म्हटलं तर माझी ना नाही. वर सभागृहात आहेत. आणि आलाच आहात तर बसा कार्यक्रमाला. मी 'तत्पर सेवा' ह्या विषयावर बोलणार आहे."

सभागृहात 'रुग्ण हाच आमचा देव' असा फलक लावला होता. देव खाली वॉर्डात होते, पुजारी सगळे वर. एक्स-रेवाला, रक्त तपासणारा, स्टोअरकीपर, दोन शिकाऊ डॉक्टर, सगळे ओळीने बसून डुलक्या घेत होते. पहिल्या रांगेत कोठाळेसाहेब. पांढरं धोतर, खांद्यावर जरीकाठी उपरणं, चेहरा तृप्त. मी शेजारी जाऊन बसलो आणि ओळख सांगितली.

"खासनीस? विमेवाले? आमचा उतरवून झालाय," ते म्हणाले.

"विम्याचं नाही. माझी आत्या तुमच्या आईच्या खाटेवर आहे."

त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. "भाग्यवान आहेत. आई फार मायाळू होती हो आमची. दारात आलेला माणूस उपाशी जाऊ द्यायची नाही."

"आत्याला फक्त तिथंच राहू द्या. हलवलं की ऑक्सिजन तुटतो."

"सीरियस आहेत?"

"आहे."

"अरेरे." त्यांना खरंच वाईट वाटलं. "पण मग तिथं कसं चालेल? आईच्या नावाला कुणाचं मरण चिकटू नये, एवढीच माझी इच्छा. दुसरं मी काही मागितलेलं नाही."

"तुमच्या मातोश्री ह्याच खाटेवर…?"

"छे, छे. पुण्याला नेलं होतं. इथल्या सोयी तुम्हाला माहीतच आहेत."

हे त्यांनी अगदी सरळपणाने सांगितलं. मी हात जोडले, गळ घातली, आत्याच्या खाणावळीत त्यांच्या मिलचे हमाल कसे जेवायचे तेही सांगितलं. ते प्रत्येक वाक्याला मान हलवत आणि प्रत्येक वेळी नाही म्हणत. एवढ्यात ट्रस्टचे सेक्रेटरी माइकवर आले. त्यांनी दीपप्रज्वलन केलं, स्वागत केलं आणि मग, बहुधा दर वर्षीप्रमाणे, आवाज भरून आणून म्हणाले, "आज ह्या रुग्णालयात एकच खाट अशी आहे, जी अनाथ आहे. तिला कुणाचं नाव नाही. समाजात कुणी असा दाता आहे का?"

माझं काय झालं कोण जाणे. मी उभा राहिलो.

"मी देतो," मी म्हणालो. "माझ्या आजोबांच्या स्मरणार्थ. रक्कम हप्त्याने भरीन, मला सवय आहे. अट एकच. बाकीच्या दात्यांना जी अट लागू आहे तीच मलाही लागू असावी. माझ्या आजोबांच्या खाटेवर कुणी दगावता कामा नये."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सेक्रेटरींनी माइकवरूनच मंजुरी दिली. मला पुढे बोलावून शाल पांघरली, नारळ दिला. ज्या खाटेसाठी ते वर्षानुवर्षं गळा काढत होते ती एका वाक्यात उजवली होती. सगळ्यांत जोरात टाळ्या कोठाळे वाजवत होते. त्यांचे हात मग हळूहळू मंदावले आणि हवेतच थांबले. डाळीच्या धंद्यात माणूस हिशेबाला पक्का होतो.

मी परत येऊन बसलो तसे ते माझ्याकडे सरकले. नजर मंचावर ठेवून हलकेच म्हणाले, "आता सीरियस पेशंट न्यायचा कुठं?"

"तोच विचार करतोय."

"जमिनीवर?"

"जमीन कुणी दिलीय?"

"नगरशेठांच्या आजोबांनी," कोठाळे खिन्नपणे म्हणाले. "शिलालेख आहे दारात." त्यांनी उपरणं सावरलं. "खासनीस, तुम्ही आम्हाला अडकवलंत. अट सोडा तुमची."

"तुम्ही सोडा तुमची."

"तसं कसं सोडता येईल? आई आहे."

"माझेही आजोबाच आहेत."

डॉक्टर हुद्दार बोलायला उभे राहिले होते. कोठाळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं, माझ्या अंगावरच्या नव्या शालीखाली हात घातला आणि माझी बोटं धरली. मी दचकलो. मग लक्षात आलं. आडतीत चारचौघांत सौदा करायचा झाला की तोंडाने भाव बोलत नाहीत. उपरण्याखाली हात घालतात आणि बोटं दाबून ठरवतात. माणसाला जन्माची लागलेली सवय. त्यांनी माझं एक बोट दाबलं.

"वर्षाला एक," ते पुटपुटले. "आईच्या खाटेवर एक दगावला तर चालेल. तुमच्या खाटेवरही एक. बरोबरी."

मी पाचही बोटं त्यांच्या तळहातावर दाबली.

"काय कसाई आहात का तुम्ही?" ते म्हणाले, पण हात सोडला नाही. दोन बोटं दाबली.

मी चार.

"पेशंटच्या खोकल्यापासून ते डॉक्टरच्या खुर्चीपर्यंत," मंचावरून डॉक्टर हुद्दार सांगत होते, "अंतर कमी झालं पाहिजे." आम्ही दोघं मान डोलवत होतो.

"तीन," कोठाळे म्हणाले. "पाडव्यापासून पाडव्यापर्यंत. शिल्लक राहिले तर पुढच्या वर्षात धरायचे नाहीत. आणि आजपासून कुणाला हलवायचं नाही."

"ठरलं," मी म्हणालो. त्यांनी माझा हात एकदा गच्च दाबला आणि शालीबाहेर काढून उपरण्याला पुसला. आमच्या तालुक्यात माणसाला आहे त्या खाटेवर मरण्याचा हक्क असा मिळाला. कायद्याने मिळायला आणखी पन्नास वर्षं लागली असती.

सिस्टरना तोंडी सांगायला म्हणून कोठाळे माझ्याबरोबर खाली आले. सात नंबरपाशी उभे राहिले. आईच्या पाटीला नमस्कार केला आणि मग खाटेवर कोण आहे ते प्रथमच नीट पाहिलं. आत्याचे डोळे मिटलेले होते. मास्क आतून धुरकट व्हायचा, निवळायचा.

"ह्यांचं कसं काय?" त्यांनी सिस्टरना विचारलं.

"सांगता येत नाही, साहेब. संध्याकाळपर्यंत कळेल."

कोठाळ्यांच्या कपाळावर आठी पडली. ती दयेची आठी नव्हती. दया मी वर पाहिली होती, ती मऊ असते. नुकत्याच घेतलेल्या तीन पोत्यांतलं एक गाडीतून उतरवतानाच फुटतंय असं पाहून व्यापाऱ्याला पडावी, तशी ही होती.

"म्हणजे पहिल्याच दिवशी एक खर्ची?" ते म्हणाले. "डॉक्टर कुठायत हिचे?"

"वर. कार्यक्रमाला."

"छातीचा फोटो काढला?"

"लिहून दिलाय. एक्स-रेवाले वर आहेत."

"इंजेक्शन?"

"स्टोअरमध्ये आहे. स्टोअरकीपर…"

"वर," कोठाळे म्हणाले. "दगडू, जा. सगळ्यांना खाली बोलाव. सांग, मी बोलावलंय."

सकाळपासून वॉर्डात न फिरकलेली ती सगळी माणसं पाच मिनिटांत जिन्यावरून धावत आली. एक्स-रेवाला यंत्र ढकलत खाटेपाशी आला. ते यंत्र हलतं हे तिथल्या कुणालाच माहीत नव्हतं. शिकाऊ डॉक्टरांपैकी एकाने नाडी धरली, दुसऱ्याने त्याचं मनगटावरचं घड्याळ धरलं. स्टोअरकीपरने इंजेक्शनं तर आणलीच, न मागता नव्या चादरी आणल्या. मागोमाग डॉक्टर हुद्दार आले. श्रोतेच उरले नव्हते, त्यामुळे तत्पर सेवा अर्ध्यावर सोडावी लागली होती. त्यांनी आत्याला तपासलं, औषध बदललं, आणि स्वतःच्या हाताने दिलं. ते पाहून सिस्टर साळवे टेबलाशी जाऊन बसल्या आणि उगाचच बाटल्या मोजू लागल्या.

कोठाळे स्टूल ओढून आत्याच्या उशाशी बसले. भिंतीतल्या नळीखाली पाण्याची बाटली असते, तिच्यात ऑक्सिजनचे बुडबुडे येतात. ते त्या बुडबुड्यांकडे तराजूच्या काट्याकडे पाहावं तसे पाहत होते. जरा मंद झाले की "सिस्टर," म्हणायचे. सिस्टर यायच्या, चावी फिरवायच्या.

दिवेलागणीला आत्याने डोळे उघडले.

"भाल्या, हे कोण?" तिने मला विचारलं.

"खाटेचे मालक."

तिने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "त्यांना सांग, गादी टोचते."

गादी बदलली गेली.

आत्या वाचली. आठ-दहा दिवसांत मास्क गेला, भूक आली, आणि भुकेपाठोपाठ तोंड सुरू झालं. वरणात हिंग नाही, पोळी कातड्यासारखी, दगडू केर काढतो की हलवतो, ह्यावर तिचं दिवसभर चालायचं. आमच्या सौद्याची बातमी बाकीच्या दात्यांना लागली होती, आणि कोठाळ्यांपेक्षा आपण कमी कसे, म्हणून त्यांनीही तीन-तीनची मुभा दिली होती. आता रोज सकाळी एक एक दाता आपापल्या खाटेशी येऊन "आमचं कसं काय?" विचारून जायचा. कोपऱ्यातही नळी आली, कारण माझे तीन लवकर संपले तर पेशंट आपल्या गळ्यात पडतील ही भीती सगळ्यांनाच होती. डॉक्टर हुद्दारांनी ह्या सुधारणेचं श्रेय सेवा-गुणवत्ता सप्ताहाला दिलं. आणखी एक सप्ताह घ्यायचं चाललं होतं.

मी आत्याला घरी न्यायचं म्हटलं तेव्हा मात्र घोटाळा झाला.

"आणखी थोडे दिवस राहू द्या," डॉक्टर म्हणाले.

"का? बरी नाही का ती?"

"बरी आहे. ठणठणीत आहे. तीच तर…" त्यांनी चष्मा पुसला. "कोठाळेसाहेबांचं म्हणणं आहे, की घाई नको. ह्यांच्या जागी दुसरं कोण येईल, ते कसलं येईल, काही भरवसा नसतो. त्यांच्या खाटेचे तीनच्या तीन अजून शिल्लक आहेत."

मी चौकशी केली. नऊ नंबरवर त्या खाटेच्या दात्याची ठणठणीत मेहुणी बसून स्वेटर विणत होती. चार नंबरवरच्या बाईला पंधरवड्यापूर्वीच टाके काढून झाले होते. ती वॉर्डातल्या सगळ्यांच्या चहाचं बघायची. ज्याला त्याला आपली खाट सांभाळायला एखादं धडधाकट माणूस हवं होतं. रुग्णालयात आजारी माणसाला जागा मिळेनाशी झाली होती. त्या महिन्यात तिथं कुणीही मेलं नाही, आणि त्याबद्दल जिल्ह्याहून अभिनंदनाचं पत्र आलं.

त्याच सुमारास एका सकाळी मी आत्यासाठी पेज घेऊन गेलो. दारातच एका बाईला चटईवर निजवलं होतं. खेड्यातून बैलगाडीने आणलेली, तिशीतली असेल. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. तिचा नवरा पागोटं हातात घेऊन उभा होता. सिस्टर साळवे त्याला सांगत होत्या, "खाट रिकामी नाही, बाबा. जिल्ह्याला न्या."

"तिकडं पोचायची नाय, सिस्टर."



आत्याने सात नंबरवरून हे पाहिलं. पांघरूण बाजूला सारलं, पाय खाली सोडले, चपला शोधल्या. उठून उभी राहिली तेव्हा जरा डुलली. मी पुढे झालो तर माझा हात तिने झिडकारला.

"दगडू," ती म्हणाली, "उचल हिला. पायाकडून तू धर, डोक्याकडून हिचा नवरा धरेल. सावकाश. सिस्टर, नवा मास्क काढा, माझा नको."

दगडूने सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरनी कपाट उघडलं.

बाईला खाटेवर ठेवलं. नळी जोडली. बाटलीत बुडबुडे सुरू झाले. आत्याने स्वतःच्या हाताने तिच्या कपाळावरचे केस मागे सारले, चादर पायापर्यंत ओढली आणि माझ्याकडून पेजेचा डबा घेऊन त्या नवऱ्याच्या हातात दिला.

"हिला कोमट करून द्या, डॉक्टर म्हणतील तेव्हा. आणि तुम्ही हात धुवा आधी."

मग तिने खुंटीवरची आपली पिशवी घेतली आणि दाराकडे चालू लागली. सिस्टर मागून आल्या.

"आजी, डिस्चार्ज नाही मिळालेला तुम्हाला. कोठाळेसाहेब येतील थोड्या वेळात. विचारतील, सात नंबरचं काय झालं. मी काय सांगू?"

आत्या थांबली. चालण्याने तिला धाप लागली होती. ती उंबऱ्यावरच टेकली.

"सांगा, खाट रिकामी नाही," ती म्हणाली. "भाल्या, रिक्षा बघ."